तुरीतला वाघ

चहा घ्या आधी, मग सांगतो. ऐकताना तुम्ही हसणार, आणि हसताना चहा सांडला की आमच्या घरी फरशी मलाच पुसावी लागते. तर विषय असा, की मी पर्यावरणाच्या अहवालाचं काम का सोडलं. कोणी विचारलं तर मी गुडघ्यांचं कारण पुढे करतो. गुडघे दुखतात, खोटं नाही. पण गुडघ्यांनी माझी अब्रू घालवली नाही. ती मी स्वतः घालवली, तीही तारीख घालून, खाली सही करून.

तुम्हाला माहीतच आहे, यवतमाळच्या कॉलेजात मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसून बसून कंटाळलो होतो. तेवढ्यात नागपूरच्या एका कंपनीतून एका मॅडमचा फोन आला. आपल्या भागातून जमिनीखालून नैसर्गिक वायूची पाइपलाइन जाते ना, तिच्याच शेजारून आणखी एक मोठी पाइपलाइन टाकायची होती. टाकण्याआधी पर्यावरणाचा अहवाल लागतो. त्या पट्ट्यात झाडं किती, विहिरी किती, नाले कुठे, पक्षी कोणते, प्राणी कोणते, सगळं लिहून द्यायचं. त्यातले पक्षी आणि प्राणी माझ्याकडे. मला वाटलं, बरं झालं, रानात फिरणं होईल.

कसलं रान आणि कसलं फिरणं? बाभुळगावकडून सुरुवात करायची आणि कळंबकडे सरकत जायचं. दर गावाला तोच तक्ता. अस्वल? आढळ नाही. बिबट? आढळ नाही. वाघ? आढळ नाही. रानडुक्कर? आहे. रोही, म्हणजे नीलगाय? आहे. पुढचं गाव. वाघ असलाच तर तिकडे झरी जामणीच्या जंगलात असेल, आमच्या पट्ट्यात त्याचं काय काम? दोन महिन्यांत माझी अशी अवस्था झाली, की बायकोनं 'आमटीत मीठ बरोबर आहे का' असं विचारलं तर मी 'आढळ नाही' म्हणायचो.

थकलो होतो हो मी. सकाळी उठून स्कूटर काढायची म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. हे मी सबब म्हणून सांगत नाही. बरं, सबब म्हणूनच सांगतोय.

कळंबच्या पुढे एक गाव आहे. नाव विचारू नका, गावानंच तशी अट घातली आहे. तिथे गजाननभाऊ म्हणून एक शेतकरी. त्यांचं वावर नेमकं पाइपलाइनच्या पट्ट्यात. विहीर त्यांच्यात, नाला त्यांच्यात, दोन जुने कडुलिंब त्यांच्यात. त्यामुळे मला तिथे चारचार वेळा जावं लागलं. माणसं इतकी सरळ, की गजाननभाऊंच्या पत्नी वनिताताई जेवल्याशिवाय हलू देत नसत. 'सर, उन्हाचं कुठं जाता, दोन घास खा अन् मंग मोजा तुमचे पाखरं.' खाटेवर बसवून वाढायच्या.

चौथ्या खेपेला मी संध्याकाळी गेलो. पक्षी मोजायला हीच वेळ बरी. पऱ्हाटीत कापूस फुटायला लागला होता आणि मधल्या तासांतली, म्हणजे ओळींतली, तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. मी धुऱ्यावर बसलो. पुण्याहून आलेत त्यांच्यासाठी सांगतो, धुरा म्हणजे बांध. वहीत 'होला, सात' असं लिहिलं, आणि तुरीतून आवाज आला.

आधी एक लांब, खोल खर्ज. मग काही क्षण काहीच नाही. मग घशात घोळवलेली गुरगुर, आणि शेवटी एक फुत्कार.

वाघ.

मी काय केलं असेल? तीस वर्षं पोरांना सांगत आलो, की वन्य प्राणी समोर आला तर पळू नये, नजर न काढता हळूहळू मागे सरकावं. मी पळालो. एक चप्पल पऱ्हाटीत राहिली. हातातल्या मोबाइलवर पाखरांच्या आवाजासाठी रेकॉर्डिंग चालू होतं, ते तसंच चालू राहिलं. स्कूटरला किक मारली ती एका अनवाणी पायानं, आणि थेट यवतमाळ गाठलं.

इथेच माझी चूक झाली, नीट लक्ष द्या. गजाननभाऊंचं घर माझ्या वाटेवरच होतं. दिवा लागलेला होता, दार उघडं होतं. मी थांबून नुसतं विचारायचं होतं, की तुमच्या तुरीत हा कसला आवाज येतो? पण मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. मी कोणाला विचारू, आणि का?

शंका आली नाही असं नाही. डुकरांना हाकलायला वावरात भोंगे लावतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पूर्वी शेतावर जागलीला जायचे, आता बॅटरीचा भोंगा लावतात. त्यातून दर थोड्या वेळानं कुत्र्याचं भुंकणं, फटाके नाहीतर माणसाची आरोळी आपोआप वाजत राहते. पण मी मनाशी म्हटलं, भोंग्याचा आवाज पत्र्यासारखा येतो, हा पोटातून येत होता. आणि खरं सांगू का? दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या रकान्यात मला 'आढळ नाही' सोडून दुसरं काही लिहायला मिळत होतं. मी लिहिलं, 'वाघ. आहे. प्रत्यक्ष आवाज ऐकला.' इतकं सुंदर अक्षर माझं लग्नाच्या याद्या लिहितानाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मॅडमचा फोन.

"सर, वाघ? नक्की?"

"मॅडम, माझी तीस वर्षं या विषयात गेली."

"आवाज पाठवता का?"

पाठवला. त्यांनी तो त्यांच्या कुठल्याशा तज्ज्ञाला पाठवला. तज्ज्ञानं उत्तर दिलं, 'असू शकतो.' मॅडमनी ते 'आहे' असं वाचलं. वाघ म्हटल्यावर त्या पट्ट्याचा वेगळा अभ्यास आला, वनखात्याला कळवणं आलं. एक वनरक्षक येऊन झाडांना कॅमेरे बांधून गेला. जाताना संध्याकाळी रस्त्यावर थांबून त्यानं कान दिला, तर तुरीतून खर्ज. तोही माझ्यासारखाच, फक्त दोन्ही चपलांसकट पळाला. दुसऱ्या दिवशी गावाच्या तोंडाशी फलक लागला. 'वाघाचा वावर आहे. एकट्यानं शेतात जाऊ नये.'

मी घरी बसून सगळ्यांना फोन करत होतो. जुन्या सहकाऱ्यांना, साडूला, साडूच्या शेजाऱ्यालासुद्धा.

आणि मग गजाननभाऊंचा फोन आला.

"सर, तुमीच ऐकला म्हनते वाघ. आपल्या वावरात."

"हो, गजाननभाऊ. तुरीतच होता."

"मंग आमाले काऊन नाही सांगतलं? घरावरूनच गेले नं तुमी."

म्हटलं, "तुम्ही घाबराल म्हणून."

"आता तं सारं गावच भेलं, सर. बाया येऊन नाही राह्यल्या वेचाले. आठ दिवस झाले. कापूस फुटून पांढरा झाला, खाली लोंबून राह्यला. अन् आज आभाळ आलं. पानी पडलं तं सारा पिवळा पडते."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी खिडकीतून वर बघितलं. खरोखरच आभाळ भरत होतं. इतके दिवस मी वाघाचाच विचार करत होतो. त्या वाघाच्या पोटात गजाननभाऊंचं वर्षभराचं पीक चाललंय, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"उद्या पंचायतीत बैठक हाये," ते म्हणाले. "तुमी या. तुमचं ऐकतीन बाया."

गेलो. पंचायतीची खोली गच्च भरलेली. समोर वेचणीच्या बाया, त्यांच्या पुढे त्यांची मुकादम कौसाबाई. साठीची बाई, कोणत्या वावरात कोणी कधी जायचं ते तीच ठरवते. बाजूला वनरक्षक. कोपऱ्यात गजाननभाऊ आणि वनिताताई.

कौसाबाईनं सुरुवात केली. "सर, वाघ कसा हाये तेवढं सांगा. आमी त्या हिशोबानं ठरवू."

बऱ्याच दिवसांनी समोर वर्ग बसला होता. माझ्यातला मास्तर जागा झाला.

"नर आहे," मी म्हणालो. "पूर्ण वाढलेला."

"जवान का म्हतारा?"

"उतारवयाकडे झुकलेला असावा. घशात घरघर आहे. आणि अंगानं जरा सुटलेला."

"उपाशी हाये का?"

"नाही, नाही. पोट चांगलं भरलेलं आहे. उपाशी वाघ इतका सावकाश आवाज काढत नाही. हा अगदी निवांत आहे."

बायांमध्ये कुजबुज झाली. वनरक्षक वहीत लिहून घेत होता. एवढ्यावर थांबलो असतो, तर कदाचित आजही मी तुमच्यासमोर वाघ ऐकलेला माणूस म्हणून बसलो असतो. पण मला पुरावा द्यायचा होता. मी मोबाइल पंचायतीच्या माइकसमोर धरला आणि रेकॉर्डिंग लावलं.

खोलीत खर्ज घुमला. मग शांतता. मग गुरगुर. मग फुत्कार. आणि त्याच्या मागे माझ्या धावण्याचा आवाज.

मी लोकांच्या चेहऱ्यावर भीती शोधत होतो. वनिताताईंनी तोंडाला पदर लावला होता. गजाननभाऊ छताचे पत्रे मोजत होते.

कौसाबाई म्हणाली, "हा तं गजाननभाऊच्या भोंग्याचा आवाज व्हय. रोजचा रस्ता हाये माहा त्या धुऱ्यानं."

"हो व," मागून दोघी म्हणाल्या. "भोंगाच हाये तो."

वनरक्षकानं वही मिटली. माझ्या कानातून वाफा निघत होत्या. पण चूक कबूल करेल तो प्राध्यापक कसला? मी उलट गजाननभाऊंवरच घसरलो.

"गजाननभाऊ, हे बरं नाही. भोंग्यात वाघाचा आवाज लावलात, तर मला सांगायला नको होतं? इतके दिवस तुम्हीही गप्प?"

"सर, आमाले काय मालूम तुमी भोंगा ऐकला ते? आमाले वाटलं खराच वाघ आला असन कुठचा. भोंग्यात वाघाचा आवाज नाहीच हाये नं."

"मग आता ऐकला तो काय होता?"

"राहू द्या नं, सर."

"नाही, राहू कसं देऊ? मला नोंद दुरुस्त करावी लागेल. कोणत्या प्राण्याचा आवाज आहे तो?"

गजाननभाऊंनी वनिताताईंकडे बघितलं. वनिताताईंनी जमिनीकडे बघितलं.

"सांगून टाक आता," ते म्हणाले.

"सर," वनिताताई पदराआडून म्हणाल्या, "तुमचा."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. तिसऱ्या खेपेला दुपारी जेवून मी त्यांच्या पडवीतल्या खाटेवर पाठ टेकली होती. पाचच मिनिटं म्हणून, आणि दोन तास झोपलो. भोंग्यातल्या कुत्र्याच्या भुंकण्याला डुकरं केव्हाच सरावली होती, आणि तशात माझं घोरणं सुरू झालं. 'गोठ्यातली म्हैस उठून उभी राह्यली, सर. दावं ओढून राह्यली होती.' तेव्हा वनिताताईंना वाटलं, करून तर बघू. त्यांनी मोबाइल माझ्या उशाशी ठेवला, मग तो आवाज भोंग्यात भरला. त्या दिवसापासून त्यांच्या वावरात एक डुक्कर फिरकलं नाही.

"तुमाले सांगाव म्हनलं," गजाननभाऊ म्हणाले, "पन कसं सांगाव? तुमी एवढे मोठे सर. लाज वाटली."

आता तुम्हीच सांगा, मी ओळखणार कसा? माणूस स्वतःचं सगळं ओळखतो, पण स्वतःचं घोरणं त्यानं कधी ऐकलंय? ते बायकोला माहीत असतं. घरी येऊन मी हे आमच्या हिला सांगितलं, तर ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "आता पटलं?" आणि कणीक मळायला लागली.

खोलीतल्या बाया मात्र हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. नर आहे, उतारवयाकडे झुकलेला, अंगानं सुटलेला, पोट भरलेलं. एकेक शब्द त्या परत म्हणत होत्या. वनरक्षक बिचारा बाहेर जाऊन हसून आला.

मी नागपूरला फोन लावला. मॅडमनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "सर, वाघाची नोंद काढायची तर तुमच्या सहीनं खुलासा लागेल. आवाज कोणाचा होता, तेही लिहावं लागेल." तेही लिहिलं. मानव. नर. वय एकसष्ट. आढळण्याचं ठिकाण, शेतकऱ्याची पडवी. वेळ, दुपारी जेवणानंतर. सरकारी कागदावर माझ्याबद्दल इतकी अचूक माहिती आजवर कोणी दिलेली नाही.

पण वर आभाळ तसंच होतं, आणि मला खरी लाज वाटत होती ती त्याची. लोकांचं हसणं मी सहन केलं असतं. माझ्या एका सहीनं आठ दिवसांची वेचणी बुडाली होती, आणि आता पाऊस आला असता तर मी गजाननभाऊंना कोणत्या तोंडानं भेटणार होतो? मी उभा राहिलो आणि हात जोडले. म्हटलं, "बायांनो, चूक माझी. वाघ नाही. उद्या मी स्वतः वेचायला येतो, पण तुम्हीही या."

कौसाबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी आले तं डुक्करबी नाही येत, वाघ कायले येईन?" ती म्हणाली. "येतो आमी."

आणि आल्या. नेहमीच्या वीस येतात, तर त्या दिवशी शेजारच्या गावच्या धरून चाळीस आल्या. मीही गेलो, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून. पहिल्या तासाभरातच माझी बोटं बोंडांच्या टोकांनी रक्ताळली. 'सर, कापूस वेचा, पऱ्हाटी उपटू नका,' असं कोणीतरी दर दहा मिनिटांनी सांगत होतं. मी मान खाली घालून वेचत होतो, मधूनच आभाळाकडे बघत होतो. इतकं मनापासून मी आयुष्यात कधी काही मागितलं नसेल, की बाबा रे, संध्याकाळपर्यंत थांब.

दुपारी कडुलिंबाखाली सगळ्या जेवायला बसल्या. मला झुणका-भाकर आणि वर ठेचा वाढला. जेवण झाल्यावर बाया जरा आडव्या झाल्या. मी मात्र ताठ बसून राहिलो. ठरवलंच होतं, की आज काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत. पण एकसष्ट वर्षांचं शरीर, सकाळपासूनचं काम, पोटात दोन भाकरी, कडुलिंबाची सावली. बुंध्याला पाठ कधी टेकली मला कळलं नाही.

जाग आली तेव्हा आजूबाजूला विलक्षण शांतता होती. मला वाटलं, सगळ्या कामाला लागल्या आणि मी एकटाच झोपून राहिलो. घाबरून डोळे उघडले.

चाळीसच्या चाळीस बाया माझ्याभोवती गोल करून बसल्या होत्या. श्वास रोखून. बहुतेकींची स्वतःची एकदोन एकर कुठे ना कुठे होतीच, आणि डुक्कर तर सगळ्यांकडेच येतं. प्रत्येकीच्या हातात मोबाइल होता आणि तो माझ्या तोंडापुढे धरलेला होता.

मी धडपडून उठायला लागलो, तशी कौसाबाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला परत खाली दाबलं.

"उठू नका, सर," ती हळूच म्हणाली. "माहं अजून भरलं नाही."